पन्नाशींत घरीं परतणाऱ्याचा हिशेब

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे निघालेल्या बोटींत शनिवारीं सकाळीं जीं संभाषणें चालतात, त्यांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें. 'आणखी पांच वर्षें काढलीं, कीं नोकरीला रामराम आणि वाडींत मुक्काम!' बोलणारा गृहस्थ बहुधा चाळिशी ओलांडलेला, मुंबईच्या एखाद्या कचेरींत बऱ्या पगारावर असलेला आणि नागांव, चौल, मुरुड किंवा श्रीवर्धन ह्यांपैकीं एखाद्या गांवीं वडिलार्जित घराचा व वाडीचा वाटेकरी असा असतो. त्याच्या आजोबांनीं गिरणींत चाकरी केली. वडील अठ्ठावन्न वर्षें पुरीं झाल्यावर पेन्शन घेऊन गांवीं आले. नातवाला तेवढा धीर नाहीं. हातपाय धड आहेत तोंच, पन्नाशींत, घरीं परतावें आणि उरलेले दिवस स्वतःच्या मर्जीनें घालवावे, अशी त्याची इच्छा असते.

ही इच्छा हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिला आळस म्हणणें तर सर्वस्वीं अन्यायाचें होईल. दोष असलाच तर तो हिशेबाच्या रीतींत आहे. 'एक कोटी जमले कीं पुरे' असा कांहीं तरी एक आंकडा मनाशीं धरून पुष्कळजण चालतात. वस्तुतः प्रश्न तीन आहेत. वर्षाला खर्च किती? असा खर्च किती वर्षें करावा लागेल? आणि नोकरी सोडल्यावर पहिलींच दोन-तीन वर्षें वाईट गेलीं, तर पुढें काय? पहिले दोन प्रश्न निदान कोणी तरी विचारतो. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि घात बहुधा तोच करतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्या साधनानें मिळतें तें जुनेंच आहे: जमाखर्चाची वही. ती कागदाची असो, कीं संगणकावरच्या कोष्टकाची असो, बारा महिने खंड न पाडतां लिहिलेली असली म्हणजे झालें. अंदाजानें सांगितलेला खर्च आणि वहींत निघालेला खर्च ह्यांत नेहमींच अंतर पडतें, आणि नवल असें कीं, वहीचा आंकडाच दर वेळीं मोठा निघतो. महिन्याचा किराणा, विजेचें बिल, मुलांची फी हीं सर्वांच्या ध्यानांत राहतात. विसरतात ते दर महिन्याला न येणारे खर्च. किनाऱ्यावरच्या घराला तर अशा खर्चांची लांबलचक यादी जोडावी लागते. पावसाळ्यापूर्वीं कौलें काढून पुन्हा नीट घालावयाचीं, खाऱ्या हवेनें गंजलेले गज, पत्रे आणि बिजागऱ्या बदलावयाच्या, विहिरीवरचा पंप दुरुस्त करावयाचा, शिंपणें करणाऱ्या गड्याची मजुरी चुकवावयाची. गांवीं सर्व कांहीं स्वस्त असतें, हा समजही एकदां तपासून घ्यावा. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची मासळीबाजारांत गर्दी झाली, कीं पापलेट गांवकऱ्यालाही ओळख दाखवीत नाहीं.

समजा, अशा एका पति-पत्नींचा वहीप्रमाणें महिन्याचा खर्च ४०,००० रुपये निघाला. वर्षाचे झाले ४,८०,०००. घरदुरुस्ती, औषधपाणी, लग्नकार्यें आणि आल्यागेल्याचा पाहुणचार धरून तो ६ लाखांवर नेऊन ठेवणें बरें. पतीचें वय ५० आहे. दोघांपैकीं एकजण तरी ९० वर्षांपर्यंत जगेल असें धरून चालावें. म्हणजे मुदत झाली ४० वर्षांची. वडिलांनीं ५८ व्या वर्षीं जेव्हां पेन्शन घेतली, तेव्हां त्यांना इतक्या लांबचा विचार करावा लागला नव्हता, आणि शिवाय त्यांच्या पेन्शनीवर महागाईभत्ता वाढत होता. खासगी कचेरींतून बाहेर पडणाऱ्या मुलाला महागाईभत्ता देणारा कोणी नाहीं.

महागाईचा अदमास घेण्यास ७२ ह्या आंकड्याची युक्ति फार सोयीची आहे. वाढीचा दर जितके टक्के असेल, त्यानें ७२ ला भागावें. रक्कम दुप्पट होण्यास लागणारीं वर्षें निघतात. महागाई शेंकडा ६ धरली, तर खर्च १२ वर्षांनीं दुप्पट होतो. आज ६ लाखांत भागणारें घर गृहस्थाच्या ६२ व्या वर्षीं १२ लाख, ७४ व्या वर्षीं २४ लाख आणि ८६ व्या वर्षीं ४८ लाख रुपये मागेल. आंकडा ऐकण्यांत चूक झालेली नाहीं. म्हणूनच सर्व पैसा ठेवींत ठेवून नुसत्या व्याजावर बसणाऱ्याचीं पहिलीं दहा वर्षें सुखाचीं जातात आणि पुढचीं ओढाताणीचीं. शिलकेचा कांहीं भाग महागाईबरोबर वाढणाऱ्या मालमत्तेंत, म्हणजे शेअर्स किंवा म्युच्युअल फंड ह्यांत, असल्यावांचून चाळीस वर्षांचा पल्ला गांठणें कठीण आहे.

किती शिल्लक पुरे, ह्याचें एक प्रसिद्ध गणित अमेरिकेंतून आलें आहे. विल्यम बेंजेन ह्या सल्लागारानें १९९४ मध्यें तेथील शेअर्स व रोखे ह्यांचे जुने भाव तपासून असें दाखविलें कीं, पहिल्या वर्षीं शिलकेच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढें दर वर्षीं महागाईपुरती वाढविली, तर ती शिल्लक ३० वर्षें तरी पुरते. वर्षाच्या खर्चाची पंचवीसपट शिल्लक हवी, असें जें आजकाल जो तो सांगतो, त्याचें मूळ हेंच. परंतु तें गणित तीस वर्षांचें आहे व परदेशच्या भावांवर बसविलेलें आहे. चाळीस वर्षांचा पल्ला आणि येथील महागाई पाहतां ३ टक्क्यांहून अधिक काढूं नये, म्हणजे तेहतीसपट शिल्लक धरावी, हेंच सुरक्षित होय. ६ लाखांची तेहतीसपट म्हणजे जवळजवळ २ कोटी. वाडीचें निव्वळ उत्पन्न वर्षाला दीड लाख येत असेल, तर शिलकेवर भार साडेचार लाखांचाच राहतो आणि दीड कोटीच्या आसपास काम भागतें. कागदावर हें सर्व बरोबर आहे. मात्र वाडीच्या ह्या दीड लाखांवर आणि शेअर्सच्या वाढीवर ज्यानें आंखणी केली, त्यानें २०२० सालाची आठवण मनांत जागी ठेवावी.

त्या वर्षीं ३१ जानेवारीला भारत संचार निगमाचे सुमारें ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगमाचे सुमारें १४ हजार कर्मचारी एकाच दिवशीं स्वेच्छानिवृत्ति घेऊन बाहेर पडले. सारे पन्नाशी गांठलेले किंवा ओलांडलेले. त्यांच्यापैकीं पुष्कळांना निवृत्तिवेतनाचा आधार होता. पण समजा, उपरिनिर्दिष्ट गृहस्थानें, ज्याला असा आधार नाहीं, त्याच दिवशीं खासगी कचेरीची नोकरी सोडली आणि तो श्रीवर्धनला येऊन राहिला. सात आठवड्यांनीं, २३ मार्चला, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसांत सुमारें १३ टक्क्यांनीं कोसळला. जानेवारींतील शिखरापासून तो एक तृतीयांशाहून अधिक खालीं आला होता. टाळेबंदी लागली, बोटी थांबल्या, पाहुणे येईनासे झाले. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ नेमकें रायगडच्याच किनाऱ्यावर चढलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग ह्या साऱ्या पट्ट्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलें उडालीं, विजेचे खांब मोडून पडले. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे त्या भागांतील कित्येक घराण्यांचें पेन्शनच. पोफळीला फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात, माडालाही तितकींच. ज्याच्या वाडींतलीं पन्नास-साठ वर्षांचीं झाडें एका दुपारीं गेलीं, त्याचें उत्पन्न एका वर्षापुरतें बुडालें नाहीं; तें पुढच्या सात वर्षांचें बुडालें.

शेअर बाजार मात्र त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत पूर्वीच्या शिखरावर परत आला. तेव्हां ज्याच्या हातीं वर्ष-दोन वर्षांचा खर्च रोख किंवा ठेवींत होता, त्यानें शेअर्सना हात लावला नाहीं आणि त्याचें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. ज्याला कौलांसाठीं आणि घरखर्चासाठीं मार्च ते जूनमध्यें पडत्या भावानें विकावें लागलें, त्याचें नुकसान मात्र कायमचें झालें. दोघांची शिल्लक सारखी असेल, दोघांनीं गुंतवणूकही एकाच फंडांत केली असेल. फरक पडला तो एवढ्या एका गोष्टीनें.

ह्यांतलें गणित उलगडून पाहण्यासारखें आहे. दोन मित्र आहेत. दोघांची शिल्लक १ कोटी आणि दोघेही दर वर्षाच्या आरंभीं ५ लाख काढतात. पहिल्याच्या वांट्याला तीन वर्षांत अनुक्रमें ३० टक्के तोटा, १० टक्के नफा आणि ३० टक्के नफा आला. दुसऱ्याच्या वांट्याला तेच आंकडे उलट क्रमानें, म्हणजे आधीं ३० टक्के नफा, मग १० टक्के नफा आणि शेवटीं ३० टक्के तोटा. पैसे काढलेच नसते, तर दोघांची रक्कम अगदीं सारखी राहिली असती. परंतु दर वर्षीं ५ लाख काढल्यामुळें तिसऱ्या वर्षाअखेर पहिल्यापाशीं सुमारें ८१ लाख ४५ हजार उरतात आणि दुसऱ्यापाशीं ८७ लाख ७५ हजार. सवासहा लाखांहून अधिक अंतर. वर्षभराच्या खर्चापेक्षां मोठें! ह्या अंतरास दोघांचीही हुशारी अथवा मूर्खपणा कारण नाहीं. नोकरींत असलेल्या माणसाला वाईट वर्ष आरंभीं आलें तर तो पगारांतून स्वस्त भावानें खरेदी करतो. नोकरी सोडलेला माणूस त्याच भावानें विकतो. म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांचा खर्च बाजाराच्या चढउतारापासून अलग काढून ठेवणें, ही पन्नाशींत परतणाऱ्याच्या आंखणींतली अत्यंत महत्त्वाची तरतूद होय.

आतां त्यासाठीं उपलब्ध असलेल्या साधनांकडे वळावें. ह्या बाबतींत रायगड जिल्ह्याला थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. महाडजवळच्या नाते गांवीं १४ जानेवारी १८९६ रोजीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढें १९५० पासून केंद्राचे अर्थमंत्री. आयुर्विमा कंपन्या सरकारनें ताब्यांत घेतल्याचें १९ जानेवारी १९५६ च्या सायंकाळीं त्यांनीं देशाला सांगितलें तें रेडिओवरूनच. त्या काळाच्या आगेमागे सामान्य माणसाच्या शिलकेला आधार देणाऱ्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, आयुर्विमा महामंडळ १९५६ चें, बँकठेवींचा विमा १९६२ पासूनचा आणि सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि १९६८ चा.

परंतु हीं व ह्यानंतरचीं बहुतेक साधनें साठीपर्यंत नोकरी करणाऱ्याच्या मापानें बेतलेलीं आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेंतलें निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षीं सुरू होतें. दहा वर्षें नोकरी झालेल्यास तें ५० पासूनही मागतां येतें. मात्र जितकीं वर्षें आधीं घ्यावें, तितक्या वर्षांसाठीं दर वर्षास ४ टक्के कापले जातात. पन्नासाव्या वर्षीं घाई करणाऱ्याचें निवृत्तिवेतन जवळजवळ एक तृतीयांशानें कमी होतें आणि तें जन्मभर कमीच राहतें. ज्येष्ठ नागरिकांची बचतयोजना उत्तम खरी. तिचें व्याज दर तिमाहीस हातीं येतें आणि २०२३ पासून तींत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवतां येते. पण तीही साठीनंतरची. नोकरींतून निवृत्त झालेल्यास पंचावन्नाव्या वर्षापासून तिचें दार उघडतें, तें सुद्धां निवृत्तीची रक्कम हातीं आल्यापासून ठराविक मुदतींत खातें काढलें तर. म्हणजे पन्नास ते साठ ह्या दहा वर्षांची खाडी ज्याची त्यानेंच पोहून ओलांडावयाची आहे.

तीं दहा वर्षें निभावून नेणारीं साधनें थोडीं, पण आहेत. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेला वयाची अट नाहीं. २०२३ पासून एकट्याच्या नांवें ९ लाख आणि संयुक्त खात्यांत १५ लाख ठेवतां येतात. बँकेंत एकच मोठी ठेव न ठेवतां एक, दोन, तीन, चार वर्षांच्या मुदतीच्या ठेवी ठेवाव्या. दर वर्षीं एक सुटते आणि वर्षाचा खर्च हातीं येतो. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचें खातें १५ वर्षांचें असतें व पुढें पांच-पांच वर्षांनीं वाढवितां येतें. वर्षाला दीड लाखांपर्यंत भरतां येतात आणि व्याजावर कर नाहीं. ज्यानें तें ३५ व्या वर्षीं उघडलें, त्याला ५० व्या वर्षीं तें नेमकें कामीं येतें. पंचेचाळिशींत जागा झालेल्याला मात्र त्याचा पुरा लाभ साठीच्या तोंडावरच मिळावयाचा.

ठेवीविषयीं बोलतांना पेणचें नांव घेतल्यावांचून ह्या जिल्ह्यांत पुढें जातां येत नाहीं. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर २०१० मध्यें निर्बंध आले, तेव्हां सुमारें दोन लाख ठेवीदार अडकले. त्यांत आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणीं ठेवलेले निवृत्त लोक पुष्कळ होते. शेंकडा एखादा अर्धा टक्का व्याज अधिक, ओळखीचा कारकून, घराजवळची शाखा, अशीं कारणें त्यांनीं पाहिलीं होतीं. आणि तशीं कारणें कोणीही पाहतो. त्या वेळीं ठेवविम्याची मर्यादा १ लाख होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. त्यानंतर २०२१ च्या ऑगस्टांत पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हां ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असें रिझर्व्ह बँकेनें बँकेच्या आंकड्यांवरून जाहीर केलें. अकरा वर्षांत एकाच जिल्ह्यांतल्या दोन बँका; आणि मर्यादा वाढल्यानें पडलेला फरक हा एवढा! ही मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून आणि सर्व शाखा मिळून, अशी आहे, हें ध्यानांत ठेवावें. पतपेढ्यांच्या ठेवींना तर हा विमाच नाहीं. पाटीवर 'सहकारी' हा शब्द पाहून दोहोंची गल्लत करणारे सुशिक्षित लोकही कमी नाहींत.

दुखण्याखुपण्याचा विचार ह्याहून थोडक्यांत आटोपेल, पण तो विसरून चालणार नाहीं. कचेरीचा सामुदायिक आरोग्यविमा साधारणपणें नोकरीबरोबरच संपतो. नव्यानें घेतलेल्या विम्यांत आधींच असलेल्या रोगांना कांहीं काळ संरक्षण मिळत नाहीं. २०२४ पासून ही मुदत अधिकांत अधिक तीन वर्षांची आहे. तेव्हां रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यानें स्वतःचा विमा राजीनाम्याच्या निदान तीन वर्षें आधीं उतरून ठेवावा. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ मध्यें आयुष्मान योजनेखालीं कुटुंबामागें वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळूं लागले. पण पन्नाशींतून सत्तरींत पोहोंचावयास वीस वर्षें लागतात.

राहिली वाडी. मांडव्याची मोटारी नेणारी बोट २०२० मध्यें सुरू झाली, २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा अटल सेतु झाला, आणि अलिबागकडच्या जमिनीला मुंबईचे गिऱ्हाईक अधिकच विचारूं लागलें. त्यामुळें 'वाडी म्हणजेच आपली शिल्लक' असें समजणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पण सातबाऱ्यावर किती नांवें आहेत? तो उतारा आतां घरबसल्या संगणकावर पाहतां येतो आणि बोटींतल्या त्या गृहस्थानें तो अवश्य पाहावा. आजोबांच्या पश्चात् वारसांचीं नांवें लागत गेलेलीं असतात. पुण्याची आत्या, बडोद्याचा चुलतभाऊ, परदेशीं गेलेला पुतण्या, सर्वांचा हिस्सा त्या दीड लाखांच्या सुपारींत असतो. गृहस्थ मुंबईंत असेपर्यंत कोणी विचारीत नाहीं. तो कायमचा येऊन बसला, कीं प्रत्येकाला आपला वाटा आठवतो. वाटणीपत्र आधीं, राजीनामा मागाहून, हा क्रम उलटा करूं नये. जमीन भरतीरेषेजवळ असेल, तर किनारा नियमनाच्या बंधनांमुळें तेथें काय बांधतां येईल आणि काय नाहीं, हेंही त्याच वेळीं विचारून घ्यावें.

वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी असावी आणि ती घरांतल्या दुसऱ्या माणसाला वाचतां यावी. कोणत्या बँकेंत कोणतें खातें, विम्याचे क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, फंडांचे एकत्रित विवरण कोठें येतें, प्रत्येक ठिकाणीं वारस म्हणून कोणाचें नांव दिलें आहे. दहा वर्षें कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेकडे जमा करतात. अशा ठेवी शोधण्यासाठीं त्या बँकेनें २०२३ मध्यें 'उद्गम' नांवाचें संकेतस्थळ उघडलें. तेथें आपल्या दिवंगत वडिलांचें नांव घालून पाहण्यास फार वेळ लागत नाहीं. गांवाकडच्या जुन्या शाखेंत उघडलेलें एखादें विसरलेलें खातें निघण्याचा संभव असतोच.

निसर्ग वादळानंतर ज्यांनीं वाड्या पुन्हा उभ्या केल्या, त्यांनीं पोफळीच्या रोपांना सावली म्हणून मधून केळी लावल्या. केळीला वर्ष-सव्वा वर्षांत घड येतो. जगलेल्या झाडांवर मिरीचे वेल चढविले, तर त्यांना तीन-चार वर्षांत घोस लागतात. त्या पावसाळ्यांत लावलेल्या सुपारीचा पैसा हातीं येईपर्यंत पुष्कळ घरांत बाजारहाट केळीच्या आणि मिरीच्या पैशावरच चालला.